उत्तर बरोबर, पण उलगडा कुठे आहे?

पुढचे वाक्य जरा सावकाश वाचा : ‘सदा उलट वागणारा नोकर (२)’.

वाक्य अगदी साधे आहे. मालकाने पाणी मागितले की विस्तव घेऊन येणारे असे नोकर आपल्याला गोष्टींतून पुष्कळ भेटतात. पण हे वाक्य एका कोड्यातले आहे आणि कंसातला आकडा सांगतो, की उत्तर दोन अक्षरी आहे. तुम्ही काय लिहाल? बरेच जण क्षणभर विचार करून ‘गडी’ असे लिहितील. गडी म्हणजे नोकर, अक्षरेही बरोबर दोन. दोन चौकटी भरल्या, झाले काम!

पण काम झालेले नाही. ‘गडी’ हे उत्तर चूक आहे, आणि ते चूक आहे हे कळण्यासाठी उत्तरांचे पान उघडण्याची मुळीच गरज नाही. वाक्यात शब्द चार आहेत. त्यांपैकी ‘नोकर’ या एका शब्दाचा हिशेब ‘गडी’ने लागला. मग ‘सदा’, ‘उलट’ आणि ‘वागणारा’ हे तिघे काय नुसते शोभेसाठी बसवले आहेत? आता पुन्हा वाचा, पण गोष्टीतला नोकर डोळ्यांसमोरून दूर करा आणि फक्त शब्द पाहा. ‘सदा’ हा शब्द उलट वागला तर काय होईल? दा, स. दास! आणि दास म्हणजे नोकर. चारही शब्दांना काम मिळाले. एकही शब्द मोकळा राहिला नाही.

अशा सूचक वाक्यांच्या कोड्याला इंग्रजीत क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात. आपण त्याला कूट शब्दकोडे म्हणू. त्यातल्या प्रत्येक सूचक वाक्याचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो. त्याला व्याख्या म्हणू. दुसरा भाग ते उत्तर अक्षराअक्षराने कसे बनवायचे ते सांगतो. त्याला करामत म्हणू. व्याख्या वाक्याच्या आरंभी तरी असते, नाही तर शेवटी. दोहोंमधला सांधा लपवलेला असतो आणि सारी गंमत या लपवण्यात असते. पण लक्षात घ्या, एकाच उत्तराकडे जाणाऱ्या या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. दोन्ही वाटा एकाच घरापाशी पोचल्या, म्हणजे घर तेच याबद्दल शंका उरत नाही.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते आत्ताच सांगून टाकतो. कूट शब्दकोड्यात उत्तराला महत्त्व कमी आणि उलगड्याला जास्त आहे. उलगडा न सांगता आलेले उत्तर बरोबर निघाले तरी त्याला गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे. आणि हे मत केवळ कोड्यांपुरते नाही. गणिताच्या आणि विज्ञानाच्या वर्गातही शिक्षकांनी ते लावून पाहावे, अशी माझी सूचना आहे.

बरोबर उत्तराला गुण नाहीत, हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ : ‘गुरुजींची मोटार राज्य चालवते (४)’. राज्य कोण चालवते? सरकार! चार अक्षरे. उत्तर बरोबर आहे, आणि पहिल्या पाच सेकंदांत आले आहे. पण ज्याने एवढ्यावर पेन्सिल ठेवली त्याला ‘गुरुजींची मोटार’ कशाला आली होती हे माहीत नाही. उत्तर त्याला सापडले, कोडे मात्र सुटलेच नाही. शाळेत गुरुजींना आपण काय म्हणतो? ‘सर’. मोटारीला? ‘कार’. सर आणि कार मिळून सरकार. हे कळल्यावर जे हसू येते ते पहिल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले नाही, आणि ते त्याचे खरे नुकसान आहे.

भूमितीत हाच अनुभव येतो. प्रमेयाच्या आरंभी आपण पक्ष लिहितो, मग साध्य, मग सिद्धता. सिद्धता संपली आणि पक्षात दिलेली एखादी गोष्ट, समजा त्रिकोण समद्विभुज आहे ही, कुठेच वापरली गेली नाही, तर चांगला विद्यार्थी दचकतो. एक तर ती अट अनावश्यक आहे, नाही तर आपल्या सिद्धतेला कुठे तरी भोक आहे. वाईट विद्यार्थी दचकत नाही. तो ‘हेच सिद्ध करावयाचे होते’ असे लिहून खाली दोन रेघा मारतो.

करामती किती तऱ्हांच्या असतात याची जंत्री मी देत बसत नाही. दोन-तीन तऱ्हा पाहिल्या की बाकीच्या तुम्हाला आपोआप ओळखू येतील. ‘एक वीर, अंतरी काव्य रचणारा (२)’ हे पाहा. येथे उत्तर डोळ्यांसमोर लिहिलेले आहे. ‘एक वीर’ या शब्दांच्या अंतरी, म्हणजे आत, ‘कवी’ बसला आहे : ए-कवी-र. आणि ‘खवळलेली मगर, तापलेली (३)’? खवळलेल्या पाण्यासारखी ‘मगर’ची अक्षरे ढवळा. म, ग, र यांचे ग, र, म होते. गरम म्हणजे तापलेली. ‘खवळलेली’, ‘गोंधळलेला’, ‘विस्कटलेले’ असा शब्द दिसला की शेजारच्या शब्दाची अक्षरे हलवून पाहावीत, हे सोडवणाऱ्याला थोड्या सरावाने कळते.

ही सारी उदाहरणे मी मराठीत रचली आहेत, पण या खेळाचे घर इंग्लंडमध्ये आहे. साधे शब्दकोडे जन्मले ते अमेरिकेत. न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आर्थर विन यांनी पतंगाच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले. त्यात सरळ अर्थ दिलेले होते. ते इंग्लंडात गेले आणि तेथे त्याला हे वाकडे वळण लागले. एडवर्ड पॉइस मॅदर्स हे गृहस्थ १९२६ पासून ऑब्झर्व्हर या साप्ताहिकात ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी देऊ लागले. टॉर्केमाडा हा स्पेनमधला एक क्रूर धर्मन्यायाधीश होता, लोकांचा छळ करण्यासाठी कुप्रसिद्ध! कोडेकाराला आपल्या कामाची यथार्थ कल्पना होती, असे म्हणायला हरकत नाही. मॅदर्स १९३९ साली वारले. त्यांची जागा डेरिक मॅकनट यांनी घेतली. ते शाळेत ग्रीक व लॅटिन शिकवीत आणि त्यांनीही ‘झिमेनीझ’ हे एका धर्मन्यायाधीशाचेच नाव घेतले.

हे मॅकनट गुरुजी मला फार महत्त्वाचे वाटतात. त्यांच्या आधी कोडेकाराला कसलेच बंधन नव्हते. सोडवणारा अडला तर तो त्याचा दोष! मॅकनट यांनी कोडेकारालाच नियम घालून दिले आणि १९६६ साली त्यांवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चांगल्या सूचक वाक्यात नेमकी व्याख्या असावी, प्रामाणिक करामत असावी आणि यांवाचून तिसरे काहीही नसावे. त्यांच्याही आधी, १९४९ साली, ‘आफ्रिट’ या टोपणनावाच्या कोडेकाराने याचे मर्म सांगितले होते. वाक्याचा वरवरचा अर्थ फसवा असला तरी चालेल; पण अक्षरशः वाचले तर त्यात सांगायचे ते सारे सांगितलेले असलेच पाहिजे. दिशाभूल करायची, पण खोटे बोलायचे नाही. निसर्गही आपल्याशी असाच वागतो असे मला वाटते. सूर्य उगवताना दिसतो, ही दिशाभूल आहे. पण सूर्य, ग्रह आणि तारे यांच्या दिसण्यात जे जे आहे ते सारे नीट मांडले, तर त्यातून पृथ्वी फिरते हेच निघते.

नियम कडक असला की चूक पकडता येते. हे सूचक वाक्य पाहा : ‘पालक गोंधळले, धरले भाळ (३)’. उत्तर ‘कपाल’. ‘पालक’ची अक्षरे गोंधळली की ‘कपाल’ होते. भाळ, कपाल, कपाळ सारे एकच. वाचायला वाक्य झकास आहे. गुणपत्रक पाहून कपाळाला हात लावलेले आईवडील लगेच डोळ्यांपुढे येतात. पण ‘धरले’ हा शब्द काय करतो आहे? काहीच नाही. तो रिकामटेकडा आहे. वरवरच्या चित्रासाठी मी त्याला आत घेतले, आणि मॅकनट गुरुजींनी त्यावर तांबडी रेघ मारली असती. सगळेच कोडेकार इतके कडक नाहीत. गार्डियनमध्ये १९५८ पासून अर्धशतकाहून अधिक काळ कोडी देणारे जॉन ग्रॅहम, टोपणनाव ‘अराउकारिया’, बरीच मोकळीक घेत आणि तरीही लोक त्यांच्यावर जीव टाकत. (२०१३ च्या जानेवारीत या वृद्ध धर्मोपदेशकाने आपल्याला कर्करोग झाल्याची वार्ता वाचकांना एका शब्दकोड्यातूनच कळवली. त्याच वर्षी ते वारले.) माझा कल मॅकनट यांच्याकडे आहे. ‘धरले’ काढून तेच चित्र उभे करणारे वाक्य तुम्हाला जमते का, पाहा.

रिकामा राहिलेला शब्द म्हणजे नुसता किरकोळ दोष, असे समजू नका. विज्ञानाच्या इतिहासात असा एक शब्द अर्धशतकाहून अधिक काळ सर्वांना छळत होता. बुध हा ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो आणि ते लंबवर्तुळही अवकाशात हळूहळू वळत जाते. शंभर वर्षांत ते सुमारे ५७४ विकला वळते. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. हे वळणे येते कोठून? इतर ग्रहांच्या ओढीमुळे. न्यूटनच्या नियमाने ही ओढ मोजली तर सुमारे ५३१ विकलांचा हिशेब लागतो. उरतात ४३. शंभर वर्षांत ४३ विकला! आपल्यासारख्या माणसाने ‘एवढे चालायचेच’ म्हणून वही मिटली असती.

फ्रान्समधील ज्योतिर्विद ल व्हेरिए यांनी वही मिटली नाही. १८५९ साली त्यांनी ही तफावत जगापुढे मांडली. आकडा त्यांनी थोडा कमी काढला होता, पण तफावत खरी होती. आता गंमत पाहा. याच ल व्हेरिए यांनी पूर्वी युरेनसच्या चालीतली तफावत पाहून पलीकडे एखादा ग्रह असला पाहिजे असे गणित केले होते, आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला होता. साहजिकच बुधाच्या बाबतीतही त्यांनी तेच उत्तर लिहिले. बुध आणि सूर्य यांच्यामध्ये आणखी एक ग्रह असावा. त्याला ‘व्हल्कन’ हे नावसुद्धा मिळाले! अनेकांनी दुर्बिणी लावल्या, काहींना तो दिसल्याचा भासही झाला. पण व्हल्कन नव्हताच. आपल्या कोड्याच्या भाषेत बोलायचे तर व्हल्कन म्हणजे ‘गडी’. चौकटीत बसणारे, व्याख्येला जुळणारे, पण चुकीचे उत्तर.

खरा उलगडा १९१५ च्या नोव्हेंबरात झाला. आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि त्या समीकरणांतून बुधासाठी जादा आकडा निघाला तो ४३ विकलांचाच. त्यासाठी नवा ग्रह घुसडावा लागला नाही, कोठे आकडा दाबून बसवावा लागला नाही. वाक्य तेच होते. ते वाचण्याची रीत बदलली आणि शिल्लक शब्दाला काम मिळाले.

आता तुमच्यापैकी एखादा चतुर विद्यार्थी विचारील, ‘पण उत्तर आधी सुचले आणि उलगडा मागाहून लागला, तर ते पाप आहे काय?’ मुळीच नाही. मुरलेले कोडेबहाद्दर पुष्कळदा तसेच करतात. व्याख्येचा वास येतो, उत्तर सुचते आणि मग ते मागे वळून करामत तपासतात. नव्या कल्पना क्रमाने येत नसतात. १९१३ च्या जानेवारीत मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधला एक कारकून केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहितो आणि त्यात पानेच्या पाने सूत्रे देतो, बहुतेक सारी सिद्धतेशिवाय. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांतली कितीतरी सूत्रे खरी होती आणि अपूर्व होती. पण अविभाज्य संख्यांच्या मोजणीविषयी त्यांनी केलेला दावा चुकीचा ठरला. अंतःप्रेरणा रामानुजन यांचीच होती, हात तोच होता, तरी एक उत्तर खरे आणि दुसरे खोटे! कोणते कोणते हे सिद्धतेशिवाय कसे ओळखायचे? म्हणून हार्डी यांनी सिद्धतेचा आग्रह धरला. प्रेरणेला मज्जाव नाही. पण तिने आणलेला माल मोजून घ्यायचा.

हीच मोजणी कधी कधी जीवनमरणाची ठरते. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ च्या जानेवारीत, डेली टेलिग्राफ या लंडनच्या वृत्तपत्राने आपल्या कचेरीत शब्दकोडे बारा मिनिटांत सोडवण्याची स्पर्धा घेतली. पुढे त्या स्पर्धकांपैकी काहींना युद्धखात्याचे पत्र आले. त्यांच्यासाठी ब्लेचली पार्क येथे काम होते. तेथे जर्मनांचे गुप्त संदेश फोडले जात. अर्थात केवळ कोडी सोडवणाऱ्यांनी ते काम केले असे नाही. गणिती, भाषापंडित, यंत्रतज्ज्ञ आणि हजारो स्त्रीकर्मचारी तेथे राबत होत्या. पण पद्धत पाहिली तर ती ओळखीची वाटते. संदेशात अमुक एक जर्मन शब्द असावा, उदाहरणार्थ हवामानाचा अहवाल असेल तर ‘हवामान’, असा आधी तर्क करायचा. हा तर्काचा शब्द गुप्त अक्षरांच्या ओळीखाली ठेवून सरकवत न्यायचा. जर्मनांच्या एनिग्मा यंत्रात कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडू शकत नसे. तेव्हा वरखाली एकच अक्षर आले, की ती जागा बाद! उरलेल्या जागा यंत्रावर तपासायच्या. आणि एवढे करून यंत्राची मांडणी सापडली असे वाटले तरी ती लगेच खरी मानायची नाही. तिच्यामुळे उरलेला सगळा संदेशही अर्थपूर्ण जर्मन भाषेत वाचता आला, तरच ती खरी. नुसता तर्क हाती घेऊन जहाजांचे काफिले कोणी हलवले नसते.

कूटाची ही आवड आपल्याला परकी नाही. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात तुम्ही श्लेष अलंकार शिकता. शब्द तोडून दुसरा अर्थ काढला की तो सभंग श्लेष, म्हणजे ‘सरकार’चे ‘सर’ आणि ‘कार’ करणे हे आपल्या पंडितांना नवे नव्हते. संस्कृतात एक प्रसिद्ध कूटश्लोक आहे. वरवर पाहिले तर केशव पडला म्हणून द्रोणाला हर्ष झाला आणि कौरव रडू लागले, असा विचित्र अर्थ दिसतो. ‘केशव’ तोडला की ‘के’ म्हणजे पाण्यात आणि ‘शव’ म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे कावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेले प्रेत पाहून कावळा खूश, कोल्हे निराश! महाभारताच्या लेखनाची आख्यायिका तर तुम्हाला ठाऊकच आहे. गणपतीने व्यासांना अट घातली, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. मग मधूनमधून ते एखादा कूटश्लोक टाकीत आणि गणपतीला विचार करावा लागे. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर व्यासांची ही अट लिहून ठेवायला हरकत नाही.

देवनागरीत असे कोडे रचताना एक शास्त्रीय मौज आढळते, ती सांगतो. इंग्रजी कोड्यात एका चौकटीत एक वर्ण बसतो आणि वर्ण आहेत २६. आपल्या चौकटीत एक संपूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसह. क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर ३४ × १२ = ४०८ अक्षरे झाली. जोडाक्षरे तर वेगळीच. म्हणून आडव्या शब्दातून उभ्या शब्दाला एक अक्षर मिळाले, की इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त माहिती मिळते. सोडवणाऱ्याची चैन होते. रचणाऱ्याचे मात्र हाल होतात, कारण अक्षरे ढवळून नवा शब्द बनवणे फार अवघड जाते. उलटे वाचणे मात्र आपल्याकडे छान जमते. ‘सदा’चे ध्वनी एकेक करून उलटे केले तर ‘आदस’ असे काहीतरी निरर्थक होईल. अक्षरे उलटी केली म्हणूनच ‘दास’ मिळाला. ‘मरा’चा ‘राम’ होतो तोही असाच. मराठीत साधी शब्दकोडी रोज छापली जातात, कूट शब्दकोडी फारच थोडी. अक्षरांची ही अडचण त्याचे एक कारण असावे. पण ‘अवघड’ आणि ‘अशक्य’ यांत फरक आहे, आणि ही अडचण ओलांडण्याचे काम तुमच्या पिढीने अंगावर घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आता शिक्षकांशी दोन शब्द. हल्ली परीक्षा बहुपर्यायी झाल्या आहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला २०२४ साली वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एवढ्यांचे उलगडे तपासायला माणसे आणायची कोठून? तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांची अडचण मला समजते. पण त्या परीक्षेचे गणित करून पाहा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. डोळे मिटून चारांतला एक पर्याय निवडला, तर सरासरी मिळकत (४ × १/४) − (१ × ३/४), म्हणजे १/४ गुण. थोडी का होईना, पण अज्ञानाला मजुरी मिळते! ती परीक्षा वर्षातून एकदा असते. वर्ग मात्र रोज भरतो, आणि वर्गात चाळीस-पन्नासच मुले असतात. तेथे तरी ‘कसे आले?’ हा प्रश्न उत्तरानंतर आलाच पाहिजे; आणि उत्तर चुकले तेव्हाच नव्हे, बरोबर आले तेव्हासुद्धा. चुकलेल्या मुलालाच ‘कसे?’ विचारले जाते असे मुलांना कळले, की ‘कसे?’ ही एक शिक्षा होऊन बसते.

वृत्तपत्रांकडेही माझे मागणे आहे. बहुतेक पत्रे दुसऱ्या दिवशी भरलेल्या चौकटी छापतात आणि मोकळी होतात. साध्या कोड्याला तेवढे पुरते. कूट शब्दकोड्याला ते पुरत नाही. चौकटीत ‘दास’ पाहून ‘गडी’ लिहिणारा फक्त एवढेच शिकतो, की आपण चुकलो. का चुकलो हे कळले नाही, तर उद्या तो पुन्हा तसाच चुकणार. उलगड्याच्या चार ओळींना जागा नाही ही सबब मला पटत नाही. राशिभविष्याला ती रोज मिळते.

आणि तुम्ही? आज मोबाइलवर सूचक वाक्य टाकले तर उत्तर चुटकीसरशी मिळते. संगणकीय साधने आता उलगडाही लिहून देतात. पण तो कधी कधी ओढूनताणून बसवलेला असतो, उत्तर बरोबर असले तरी! तेव्हा तो उलगडा घ्या आणि मूळ वाक्याशेजारी ठेवा. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारा, ‘तू येथे कशाला?’ एखादा शब्द गप्प राहिला तर समजा, की अजून काही तरी बाकी आहे. माणसाने लिहिलेल्या उलगड्यालाही, माझ्या वरच्या उलगड्यांनाही, हीच परीक्षा लावा. ज्या उत्तराचा उलगडा लागला नाही त्याच्या चौकटीत पेन्सिलीने एक बारीक टिंब देऊन ठेवण्याची सवय करा. टिंब पुसायचे ते उलगडा लागल्यावरच. चौकटी भरून झाल्या तरी टिंबे उरली असतील तर कोडे अजून चालू आहे.

खाली तीन सूचक वाक्ये देतो. पहिल्यात व्याख्या शेवटी आहे आणि करामत ‘सरकार’सारखी. दुसऱ्यात करामत नाहीच; एकाच शब्दाच्या दोन व्याख्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, आणि क्रियापदांची लिंगे वेगळी का आहेत याचा विचार केलात तर वाट सापडेल. तिसऱ्याबद्दल एवढेच सांगतो, की त्यातल्या एका शब्दासाठी घरातल्या वडील माणसांना विचारावे लागेल; तो शब्द आता बोलण्यात कमी येतो.

धंदा थंड, घाम गाळतो (४)

जिंकल्यावर गळ्यात पडतो, न जिंकल्यास पदरी पडते (२)

सातानंतर जखमेची खूण उरते मनात (४)

यांची उत्तरे पुढच्या अंकात देण्याचे कारण नाही. शब्दाशब्दाचा हिशेब लागला, की उत्तर बरोबर आहे हे तुमचे तुम्हालाच कळेल.